अण्णा, तुम्ही चला

आपल्या भोर-वेल्ह्यात घरोघरी निवृत्त फौजी आहेत. वय झालं की आपण मायेनं म्हणतो, "अण्णा, तुम्ही नुसतं बसा." मला हे पटत नाही.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर बघा. १९६५च्या लढाईत गोळ्या लागून कमरेखालचं अंग लुळं पडलं. उपचार म्हणून पोहायला लागले आणि १९७२ साली जर्मनीत, पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदक घेतलं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो थेट २०२५ साली, ऐंशी उलटल्यावर!

पदकाचं सोडा, पण अण्णांना काम द्या. पेन्शनची फाइल त्यांच्याच हाती ठेवा. दरवर्षीच्या हयातीच्या दाखल्याला त्यांनाच जाऊ द्या, जाताना गल्लीतल्या फौजीच्या विधवेलाही बरोबर न्यायला सांगा. ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, विधवेच्या कुटुंब पेन्शनवरसुद्धा. पण तिची जन्मतारीख कागदावर चुकलेली असली की गाडं अडतं. ही तारीख अण्णांनी तपासावी. फौजी कागद त्यांना आपल्यापेक्षा चांगला वाचता येतो.

फरक निघाला, तर पुण्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारायचं. एसटीत तुम्ही सोबत बसा. तिथं बोलू द्या मात्र अण्णांनाच.