चोरीचा आळ आणि कायद्याचा आधार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी आरोग्यावर किंवा मुलांच्या संगोपनावर बोलण्याची आपली रीत आहे. मी मात्र जरा कडू विषय घेतला आहे. आपल्यापैकी कुणाचे यजमान कारखान्यात आहेत, कुणाचा मुलगा दुकानात, तर कुणाची मुलगी कचेरीत. अशा माणसावर कामाच्या ठिकाणी चोरीचा खोटा आळ आला तर काय करावे, हा तो विषय आहे. मी वकील नाही. पण जे शिबिरांत ऐकले आणि विचारून समजून घेतले, ते साध्या भाषेत सांगते.

आपल्याकडे म्हण आहे, ‘कर नाही त्याला डर कशाला?’ म्हण चांगली आहे, पण या प्रसंगी ती घात करते. निर्दोष माणूस म्हणतो, मी काही केलेच नाही, मग मला कागद कशाला हवा, वकील कशाला हवा? तो गप्प बसतो. दुसरी म्हणही आपलीच आहे, ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’. ती लक्षात ठेवली तर पहिलीचा मोह होणार नाही.

आळ आला की पुष्कळदा साहेब दार लावून घेतात आणि म्हणतात, ‘एवढ्या कागदावर सही कर, राजीनामा दे, पोलिसांत देत नाही.’ घाबरलेला माणूस सही करतो आणि तिथेच फसतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम जुन्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. पण मालकापुढे लिहून दिलेली कबुली पुराव्यात येऊ शकते. ती धमकी देऊन किंवा आमिष दाखवून घेतली असेल तर टिकत नाही, पण तसे दाखवून देण्याचा त्रास आपल्यालाच होतो. म्हणून पहिला नियम हा : न केलेल्या गोष्टीच्या कागदावर सही नाही, आणि भीतीपोटी राजीनामा नाही. दडपणाखाली सही झालीच असेल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, तसे लेखी कळवावे आणि पत्र पोस्टाने नोंदवून पाठवावे. पावती जपून ठेवावी.

दुसरा नियम : जो आरोप आहे तो लेखी मागावा. काय चोरीला गेले, कोणत्या दिवशी, कुणी पाहिले, हे आरोपपत्रात आले पाहिजे. त्याला मुदतीत लेखी उत्तर द्यावे. चौकशीत आपल्या विरुद्धच्या साक्षीदारांना प्रश्न विचारण्याचा आणि आपले साक्षीदार आणण्याचा हक्क आहे. चौकशीला जायचे नाही असे रागाने ठरवू नये. गैरहजर राहिले की एकतर्फी निकाल लागतो.

चौकशी चालेपर्यंत कामावरून दूर ठेवले, तर घर कसे चालवायचे? हा प्रश्न शेवटी आपल्याच चुलीपाशी येतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे. तीनशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात निलंबित कामगाराला पहिले ९० दिवस निम्मा पगार आणि पुढे, विलंब त्याच्यामुळे नसेल तर, ७५ टक्के निर्वाह भत्ता द्यावा लागतो. चौकशीही सामान्यतः ९० दिवसांत संपवावी असे त्यात आहे.

हा भत्ता म्हणजे मेहरबानी नव्हे. आपल्या महाराष्ट्र शासनाच्या जुन्या नियमात असे होते की, निलंबित नोकराला खालच्या कोर्टात शिक्षा झाली आणि त्याने अपील केले, तर त्याला दरमहा एक रुपया भत्ता. एक रुपया! १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. कोलारच्या सोन्याच्या खाणीतील एका सुरक्षा अधिकाऱ्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १९८५ साली त्याच्या घरी छाप्यात सोने सापडले असा आरोप झाला. निलंबनाच्या काळात भत्ता मिळाला नाही, म्हणून त्याला केरळातील गावाहून चौकशीला जाता आले नाही. १९८६ साली त्याला एकतर्फी काढून टाकले. १९८७ साली फौजदारी कोर्टाने तो छापाच सिद्ध झाला नाही म्हणून त्याला निर्दोष सोडले. तरी नोकरी परत मिळायला १९९९ साल उजाडले, तेही सर्वोच्च न्यायालयात. यावरून दोन गोष्टी कळतात. कोर्टातला खटला आणि कारखान्यातली चौकशी या दोन वेगळ्या वाटा आहेत. एकीकडे सुटले म्हणजे दुसरीकडे आपोआप सुटत नाही. आणि दोन्हीकडे पुरावा तोच असेल, तर कोर्टातली सुटका पुढे मोठ्या कामी येते.

काढून टाकलेच, तर कामगाराने समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. ४५ दिवसांत तड लागली नाही तर थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येते. मात्र काढल्यापासून दोन वर्षांच्या आत. पूर्वी ही मुदत तीन वर्षांची होती, म्हणून आता जास्त जपावे. खोटा पुरावा उभा करून कामगाराला फौजदारी खटल्यात गोवणे आणि त्यापायी काढणे, ही अनुचित प्रथा म्हणून संहितेत स्पष्ट लिहिलेली आहे. निर्दोष सुटल्यावर, खटला दुष्टबुद्धीने केला होता हे दाखवता येत असेल तर भरपाईचा दावा लावता येतो, पण तो सुटल्यापासून एका वर्षात.

पोलिसांत तक्रार गेली तर? नोकराने मालकाची चोरी केली या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तरीही अशा प्रकरणात सरसकट अटक करायची नसते. अटकेची गरज नसेल तर नोटीस देऊन बोलवावे लागते. नोटीस आली की अवश्य जावे, टाळू नये. अटक झाली तर २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेलेच पाहिजे. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी, अगदी अपवाद सोडल्यास, अटक करता येत नाही. तिची झडती स्त्रीनेच घ्यायची असते.

पैसे नाहीत म्हणून कुणी अडू नये. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. स्त्रियांना तर उत्पन्न कितीही असले तरी तो हक्क आहे आणि कारखान्यातील कामगारांनाही आहे. आपल्या नागपुरात जिल्हा प्राधिकरण आहे आणि १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो.

भगिनींनो, आता जरा आपल्या घरात डोकावू. ज्या संहितेबद्दल मी आतापर्यंत सांगितले, तिच्यातून घरकाम वगळलेले आहे. म्हणजे चोरीचा आळ जिच्यावर सर्वांत लवकर येतो, त्या आपल्या भांडी घासणाऱ्या बाईला आरोपपत्र नाही, भत्ता नाही, न्यायाधिकरण नाही. मालकीणच फिर्यादी आणि मालकीणच न्यायाधीश! याच नागपुरात डॉ. रूपाताई कुलकर्णी यांनी १९८० च्या सुमारास मोलकरणींची संघटना बांधली, ती उगीच नव्हे. २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, पण आळ आलेल्या बाईची नोकरी तो कायदा वाचवत नाही.

माझ्या माहितीतील एका घरी अंगठी हरवली. बाईला त्याच दिवशी काढले. चार दिवसांनी अंगठी पिठाच्या डब्यात सापडली. तोवर त्या बाईची त्याच गल्लीतली आणखी तीन घरे सुटली होती. अंगठी हरवल्याचे साऱ्या गल्लीला कळले होते; सापडल्याचे सांगायला मात्र तिच्या दारी कुणी गेले नाही.

म्हणून मंडळापुढे मी तीन गोष्टी ठेवते. वस्तू हरवली तर आधी घर नीट शोधावे आणि मगच तोंड उघडावे. बाईच्या पदराला, पिशवीला हात घालू नये, तिला खोलीत कोंडू नये. झडतीचा अधिकार आपल्याला नाही आणि कोंडून ठेवणे हा गुन्हा आहे. खरोखर संशय असेल तर रीतसर तक्रार करावी. आणि वस्तू सापडली, तर जितक्या जणींपुढे आळ घेतला तितक्या जणींपुढे तो मागे घ्यावा.

आपल्या मुलासाठी जो न्याय आपण कारखान्याच्या साहेबाकडे मागू, तोच आपल्या स्वयंपाकघरात देता आला पाहिजे. चोरीला गेलेला दागिना पुन्हा करता येतो. गेलेली अब्रू कोणत्याही सोनाराकडे मिळत नाही.