सोलापूर शहरातील चोऱ्या आणि त्यांची गणती



ज्या शहरातील एका पोलीस ठाण्याला आजही 'फौजदार चावडी' हे नाव आहे, त्या शहरात मालमत्तेच्या गुन्ह्यांविषयी बोलताना प्रथम फौजदाराच्या दप्तराविषयीच बोलावे लागते. कारण चोरी पेठेत होवो, वस्तीत होवो की एस.टी. स्थानकावर, सरकारच्या लेखी ती अस्तित्वात येते ती ठाण्यात फिर्याद लिहून घेतली जाते तेव्हाच. वर्षाअखेर चोऱ्या वाढल्या किंवा घटल्या असे जे मथळे छापून येतात ते या नोंदींवरून, आणि नोंद कशी होते हे ज्याने पाहिले नाही त्याने त्या मथळ्यांवरून शहराच्या नीतिमत्तेचा निवाडा करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

जुनी गिरणी, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी यांच्या भोंग्यांवर ज्या काळी सोलापूरचा दिवस उगवत आणि मावळत असे, त्या काळी सामान्य कामगाराच्या खोलीत चोराने न्यावे असे तांब्यापितळेच्या भांड्यांखेरीज फारसे काही नसे. हंड्याच्या नि परातीच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून घेण्याची जी चाल होती, तिच्यात आप्तांच्या आहेराची आठवण जशी होती तशी एक व्यावहारिक सोयही होती. पंचांसमक्ष मुद्देमालाची ओळख पटवावयाची झाली म्हणजे ते नावच साक्ष देई. पुढे घरोघर स्टेनलेस स्टील आले आणि भांड्यांच्या चोरीला पूर्वीचे महत्त्व उरले नाही. ही घट गस्तीने किंवा शिक्षेने घडवून आणली असे म्हणणे धाडसाचे होईल. मोडीत विकून हाती पडणारी रक्कमच चोराच्या श्रमास पुरेनाशी झाली. हंड्यावरील नावाची जागा आता मोटारसायकलच्या चेसिसवरील क्रमांकाने आणि भ्रमणध्वनीच्या पंधरा आकडी आयएमईआयने घेतली आहे. एकटे सोने मात्र सर्व युगांत चोराला सारखेच प्रिय राहिले, कारण ते मुशीत घातले की त्याची ओळख पुसली जाते. तपासात हाती लागते ती लगड, आणि ती लगड आपल्याच मंगळसूत्राची, असे कोणत्या गृहिणीने कोणत्या खुणेवरून सांगावे?

चैत्रवैशाखात पारा चाळिशीच्या पलीकडे गेला म्हणजे कुटुंबेच्या कुटुंबे गच्चीवर निजतात आणि खाली कुलपाच्या भरवशावर घर मोकळे राहते. सकाळी जी फिर्याद लिहिली जाते तिची भाषा पिढ्यान्‌पिढ्या बदललेली नाही: अज्ञात चोरट्याने कडीकोयंडा कशाने तरी तोडून, लबाडीच्या इराद्याने, संमतीवाचून. सर्व फिर्यादी एकाच साच्यातून उतरतात. मुलीच्या लग्नासाठी वर्षानुवर्षे विड्या वळून साठविलेली पुंजी आणि सधन व्यापाऱ्याचा जोड ऐवज यांतील अंतर त्या साच्यात मावत नाही.

चोरी कोणी केली, या प्रश्नाचे एक आळशी उत्तर या शहराने फार जवळून पाहिले आहे. 1871 च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने अखंड जमातीच्या जमाती जन्मतः चोर ठरविल्या. 1911 च्या सुधारणेनंतर तो कायदा मुंबई इलाख्यासही लागू झाला, आणि सोलापुरात अशा जमातींना कोंडून ठेवणारी तारेच्या कुंपणाची वसाहत, म्हणजे 'सेटलमेंट', उभी राहिली, जेथील माणसे गिरणीत राबत आणि हजेरीला परत येत. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. तथापि कायदा गेला म्हणून संशयाची सवय गेली नाही. घरफोडी झाली की एखाद्या ठरावीक वस्तीतील पोरे उचलून आणणे यास तपास म्हणणे हा मी त्या जमातींवरील अन्याय तर मानतोच, पण फिर्यादीचीही ती फसवणूकच आहे, कारण खरा चोर तेवढ्या अवधीत निर्धास्त होतो.

आता आकड्यांकडे वळू. 1992 मध्ये हद्दवाढ झाली आणि त्याच वर्षी पोलीस आयुक्तालयही आले. तेव्हा त्यापूर्वीचे शहर आणि नंतरचे शहर यांची गणती शेजारी शेजारी मांडणे म्हणजे दोन भिन्न शहरांची तुलना होय. 2011 च्या शिरगणतीत सोलापूरची वस्ती साडेनऊ लाखांवर भरली, म्हणजे दहा लाखांहून थोडी कमी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग प्रथम दहा लाखांवरील आणि 2016 पासून वीस लाखांवरील शहरांचे स्वतंत्र तक्ते देतो, त्यामुळे आपल्यासारख्या मध्यम शहराचे आकडे जिल्हावार कोष्टकांत दडून राहतात. शिवाय एका घटनेत अनेक गुन्हे असल्यास त्यांतील सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो. दागिन्यांसाठी वृद्धेचा खून झाला तर मुख्य तक्त्यात तो खून म्हणून येतो, दागिने तेथे नसतात. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेने हिसकावून नेणे हा स्वतंत्र गुन्हा केला, म्हणजे मागील वर्षांशी मेळ घालताना तेथेही सावध राहिले पाहिजे. आणि दूरध्वनीवरून गोड बोलून ज्याची बँकेतील शिल्लक कोणी लुबाडली, त्याचे नुकसान फसवणुकीच्या रकान्यात जाते. घरफोड्या घटल्या म्हणून नागरिकांचे धन सुरक्षित झाले, हा निष्कर्ष त्यामुळे टिकत नाही.

परंतु सर्वांत मोठी गळती ठाण्याच्या उंबरठ्यावरच होते. खिशातून भ्रमणध्वनी चोरीस गेलेल्या माणसास 'गहाळ' असा दाखला हाती देऊन वाटेला लावले, की शहरात एक चोरी कमी होते. गुन्हा दाखल झालाच आणि उकल झाली नाही, तर 'अ' समरी पाठवून तो खरा परंतु अनिर्णित म्हणून मिटविता येतो. मात्र त्या कागदावर निदान चोरी झाली हे सत्य तरी शिल्लक राहते. जो अधिकारी प्रत्येक फिर्याद प्रामाणिकपणे लिहून घेतो त्याच्याच ठाण्याचा आलेख चढतो. जोवर त्यास याबद्दल जाब विचारला जाईल, तोवर आकडे खरे बोलणार नाहीत. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच नोंद बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिताकुमारी प्रकरणात 2013 मध्येच सांगितले. जप्त ऐवज वर्षानुवर्षे मुद्देमालखोलीत कुजू न देता योग्य पंचनामा व हमी घेऊन मालकास लवकर द्यावा, हेही त्याच न्यायालयाने 2002 मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगून ठेवले आहे.

म्हणून माझी श्रोत्यांस विनंती आहे. वस्तू लहान असो वा मोठी, ती चोरीस गेली असेल तर 'गहाळ' या शब्दावर सही करू नका. फिर्याद द्या, तिची प्रत मागा; ती विनामूल्य देण्याचे बंधन कायद्याने ठाण्यावर घातले आहे. नोंद नाकारली गेली, तर तीच हकीकत लेखी, टपालाने, पोलीस आयुक्तांकडे पाठवा.