शेवटच्या बारा दिवसांत विचारलेला प्रश्न

(वाशीम येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



'शासनाच्या मसुद्यावर बायकांची मतं कशी गोळा करावीत' हा विषय मला दिला आहे. खरं म्हणजे ती कशी गोळा करू नयेत हे मी आधी शिकले, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

ऑगस्ट 2023 मध्ये केंद्र सरकारने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. आपलं नाव, फोन नंबर, फोटो ही माहिती इतरांनी कशी वापरायची, याबद्दलचा हा कायदा. त्याच्या नियमांचा मसुदा 3 जानेवारी 2025 ला जाहीर झाला. हरकती-सूचनांसाठी मुदत 18 फेब्रुवारी. राजपत्रातला मसुदा इंग्रजी आणि हिंदीत, आणि मतं पाठवायची ती इंटरनेटवरून, एकेका नियमावर वेगळी. आमच्यापर्यंत बातमी आली तेव्हा बारा दिवस उरले होते. त्यात शेतात तुरीची, हरभऱ्याची कामं. दिवसा गावात कोण भेटणार?

घाईत सोपा मार्ग धरला. मीच निवेदन लिहिलं, झेरॉक्स काढल्या आणि मालेगाव तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीत सह्यांसाठी फिरवलं. बायका भराभर सह्या करत होत्या, अंगठे उठवत होत्या. एका म्हातारीने मात्र कागद हातात धरून ठेवला. म्हणाली, "माय, याच्यात मी काय म्हनलं ते मले वाचून तं दाखव." मी वाचायला लागले आणि दुसऱ्याच वाक्यावर अडखळले. 'पडताळणीयोग्य संमती' असलं काही ती म्हणालीच नव्हती. बायकांच्या नावाने दुसरेच बोलतात अशी आपली नेहमीची तक्रार. त्या दिवशी ते दुसरे आम्हीच होतो.

ते कागद बाजूला ठेवले आणि सगळ्या मसुद्यातून एकच गोष्ट निवडली. 18 वर्षांखालच्या मुलामुलींची माहिती घ्यायची, म्हणजे त्यांनी फोनवर खातं उघडायचं, तर आई किंवा वडिलांची संमती हवी आणि ती खरी आहे हे तपासता यायला हवं. मसुदा वाचून दाखवला नाही. विचारलं ते एवढंच, "तुझ्या घरी फोन कोणाच्या नावावर आहे? पोरीला त्यावर काही पाहायचं असलं तर 'हो' कोण म्हणतं?"

मग बैठक रात्री उशिरापर्यंत चालली. एक जण म्हणाली, "सिम त्याच्या नावावर, ओटीपी त्याच्या फोनवर येते, मंग हो म्हननारी मी कोन?" एका परित्यक्ता बहिणीच्या मुलांच्या सगळ्या कागदांवर नवऱ्याचं नाव. नवरा कुठे आहे ते तिला माहीत नाही. नियमात आईची संमती चालते हे मी सांगितलं, तर ती नुसती हसली. आईचा दाखला किती ठिकाणी परत पाठवतात ते तिने पाहिलेलं होतं. काही आया मात्र नियमाच्या बाजूने ठाम होत्या. पोरगी काय पाहते ते आपल्याला कळत नाही, निदान कोणी विचारेल तरी, असं त्यांचं म्हणणं. दारात उभी असलेली अकरावीतली एक मुलगी तेव्हा बोलली. त्रास देणारा माणूस घरातलाच असला आणि त्यासाठी कुठे मदत मिळते ते शोधायचं असलं, तर त्यालाच विचारायचं का? त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही.

एकमत झालं नाही. कार्यकर्त्यांना एकमताची फार घाई असते, मलाही होती. शेवटी दोन्ही बाजू बायकांच्याच शब्दांत लिहिल्या. नावं आणि गाव वगळलं, कारण लहान गावात वर्णनावरूनही माणूस ओळखू येतं. पुढे मुदत 5 मार्चपर्यंत वाढली. त्या दिवसांत मानोऱ्याकडच्या तांड्यांवर गेलो. तिथे गोरमाटी बोलणाऱ्या मैत्रिणीनेच प्रश्न विचारले, मी फक्त लिहून घेतलं.

"हे पाठवून काय होते?" असं बायका विचारतात. मी त्यांना एक उदाहरण सांगते. वेबसाईटचं नाव विकत घेताना आपलं नाव, पत्ता, फोन द्यावा लागतो, आणि त्या काळी तो कोणालाही पाहता येत असे. तो झाकून ठेवणारी सेवा मिळत होती. जगभरच्या या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या 'आयकॅन' या संस्थेच्या कार्यगटात 2015 मध्ये काहींनी सुचवलं की पैशाचे व्यवहार करणाऱ्या वेबसाईटना ही सेवा देऊ नये. म्हणजे मारहाणीतून निसटून घरून पापड-लोणची विकणाऱ्या बाईचाही पत्ता उघडा पडणार. 5 मे ते 7 जुलै अशी मुदत होती. हजारो हरकती गेल्या, त्यात छळाविरुद्ध काम करणारेही होते. अंतिम अहवालात ती बंदी आली नाही.

आपल्याकडे तसं झालं नाही, हेही सांगितलं पाहिजे. नोव्हेंबर 2025 मध्ये नियम अधिसूचित झाले. 6,915 सूचना आल्या असं सरकारने सांगितलं. बैठका झाल्या त्या दिल्ली, मुंबई, कोलकाता अशा मोठ्या शहरांत. संमतीची अट राहिली. आलेल्या सूचना कोणालाही दाखवल्या जाणार नाहीत, हे मसुद्यासोबतच जाहीर झालं होतं. केंद्र सरकारचंच 2014 चं धोरण आहे की मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवावा आणि आलेल्या मतांचा गोषवारा वेबसाईटवर द्यावा. तो गोषवारा आपण मागितला पाहिजे.

बायकांनी सर्वांत जास्त विचारलं ते रेशनच्या यादीबद्दल. यादीत कोणाचं नाव आहे ते यापुढे माहिती अधिकारात मिळेल का? माहिती अधिकाराचं कलम या कायद्यानेच बदललं आहे, त्यामुळे नियमांवरच्या हरकतींत त्या प्रश्नाला जागाच नव्हती. आम्ही तो वेगळ्या पत्रात लिहून पाठवला. नियमांबरोबर तो बदलही लागू झाला.

त्या म्हातारीला हे सगळं जाऊन सांगितलं. न सांगता पुढच्या वेळी तिच्या दारात उभं राहणं मला जमलं नसतं.

आता कामाचं. पुढचा मसुदा निघाला की बातमी पहिल्याच आठवड्यात कळायला हवी. प्रत्येक तालुक्यातून एकीने दर सोमवारी राजपत्र आणि मंत्रालयांच्या वेबसाईट पाहायच्या. वाशीम, मालेगाव, मानोरा आणि मंगरूळपीरची नावं आली आहेत. रिसोड आणि कारंजाची जेवणाआधी द्या.