जत्रा एका दिवसाची, व्यवहार बारा महिन्यांचा

(भोर तालुक्यातील कामथडी येथे स्थानिक उत्पादकांच्या विक्री मेळाव्याच्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गावात तयार झालेली वस्तू गावाने घ्यावी, हे सांगण्यासाठी आज मेळावा भरवावा लागतो, ही मुळातच विचार करण्यासारखी गोष्ट आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना हे कोणी वेगळे सांगितले नव्हते. आठवडे बाजार आणि ग्रामदैवताची यात्रा या दोन संस्था ते काम करीत होत्या. यात्रेला माणूस नवस फेडायला जाई आणि येताना घोंगडी, विळा, सूप, मडकी अशी वर्षाची बेगमी करून येई. विकणाराही दरवर्षी त्याच जागी बसे. घोंगडी विरली, विळ्याचे पाते वाकले, तर पुढच्या यात्रेत गिऱ्हाईक त्याच्यासमोर उभे राहणार, हे त्याला ठाऊक असे. त्यामुळे सचोटीसाठी वेगळ्या कायद्याची गरज भासत नसे.

मात्र त्या काळाचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. बलुतेदारीच्या व्यवस्थेत कारागिराला वर्षाचे धान्य मिळे, पण त्याचा व्यवसाय जन्मावरून ठरलेला असे आणि त्याचे खळ्यावरचे स्थानही. ज्याच्या हातचे जोडे चालत, त्याच्या हातचे पाणी चालत नसे. आपल्याला जुन्या गावातले परस्परावलंबन हवे आहे. त्यातली विषमता नको आहे. म्हणूनच मेळाव्यात दर्शनी जागा कोणाला आणि कोपऱ्यातली कोणाला, हा प्रश्न किरकोळ नाही. जागा चिठ्ठ्या टाकून द्याव्यात, असे मी आयोजकांना आग्रहाने सुचवीन. समरसता भाषणातून जेवढी येते, त्याहून अधिक अशा साध्या व्यवस्थेतून येते.

दारातून जाणारा रस्ता

कामथडीचे स्थान पाहा. पुणे-सातारा महामार्ग आपल्या दारातून जातो. सुवर्ण चतुष्कोन योजनेत तो चौपदरी झाला, पुढे सहापदरीकरण हाती घेतले गेले. जवळच नसरापूरचे बनेश्वर आहे. केतकावळ्याच्या बालाजीला जाणारे भाविक याच रस्त्याने येतात. राजगड आणि तोरणा चढणारी तरुण मंडळी शनिवार-रविवारी याच बाजूने आत वळतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशात समावेश केला. त्यात आपला राजगड आहे. तेव्हा येणाऱ्यांची संख्या वाढेल, यात शंका नाही.

पण मोटारी जातात, म्हणजे लक्ष्मी येतेच असे नाही. गडावर जाणाऱ्याच्या पिशवीत पाण्याची बाटली बाहेरची, बिस्किटे बाहेरची, वेफर्सही बाहेरचे. आपल्या वाट्याला काय येते? रिकामी पाकिटे! महाराजांच्या गडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या भगिनीने भाजलेले शेंगदाणे, तिने केलेली नाचणीची भाकरी आणि ठेचा त्या पिशवीत जात नाही, तोवर जागतिक वारशाचा मान गडाला मिळेल, पायथ्याच्या चुलीला मिळणार नाही.

समजा, त्या भगिनीकडून कोणी शंभर रुपयांची चटणी घेतली. तिने त्यातून शेजारच्या शेतकऱ्याकडून शेंगा घेतल्या, गिरणीवाल्याला दळणाचे पैसे दिले, मुलाच्या वह्या गावच्या दुकानातून आणल्या. तीच नोट चार घरी फिरली. तेच शंभर रुपये बाहेरच्या पाकिटावर खर्च झाले, तर दुकानदाराचे थोडे कमिशन सोडता ते त्याच संध्याकाळी गाव सोडून जातात. अर्थशास्त्राचे मोठे ग्रंथ न वाचताही हे समजते.

मिठाचे पत्र

हा विचार आपण कोठून उसना आणलेला नाही. १६७१ साली शिवछत्रपतींनी कुडाळच्या आपल्या अधिकाऱ्याला पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त पडे. व्यापारी तिकडे वळले तर संगमेश्वरकडच्या आपल्या मीठ पिकवणाऱ्यांचे काय होणार, याची चिंता महाराजांना होती. म्हणून बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात बसवावी की ते आपल्या मिठापेक्षा महाग पडेल, अशी आज्ञा त्यांनी केली. तलवारीच्या धामधुमीत हा राजा मिठागरात राबणाऱ्या माणसाचा विचार करीत होता! आज जकात बसवण्याचा अधिकार तुमच्या-माझ्या हाती नाही. पण खरेदीची पिशवी मात्र आपल्याच हाती आहे.

पुढे इंग्रजी अमदानीत हेच काम लोकांनी अंगावर घेतले. पुण्याचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, १८७७ च्या दिल्ली दरबारात हाताने कातलेल्या खादीच्या पोशाखात गेले. त्यांची थोरवी केवळ पोशाखात नव्हती. शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या अशा साध्या देशी वस्तू बनाव्यात आणि विकल्या जाव्यात, म्हणून त्यांनी खटपट केली, दुकाने काढवली. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव पायपीट केली आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, ती आपण सारे जाणतो. परंतु होळी एका रात्रीत पेटते. कारखाना उभा करायला पैसा-पैसा गोळा करीत वर्षानुवर्षे चालावे लागते.

आणि ग्राहकाचा विश्वास? तोही एका दिवसात मिळत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष पसरेल, असे शेतकरी म्हणत. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली. लक्ष्मणराव शेतकऱ्याला नावे ठेवीत बसले नाहीत. नांगर सुधारत राहिले. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, ती या चिकाटीच्या जोरावर. स्वदेशीच्या त्या लाटेत निघालेले कितीतरी उद्योग मात्र लाट ओसरताच बंद पडले, कारण भावनेच्या भरात एकदा घेतलेली वस्तू पुन्हा घ्यावीशी वाटेल, अशी व्यवस्था त्यांच्यापाशी नव्हती.

मेळाव्यानंतर काय?

आजच्या विषयाचे मर्म येथे आहे. मेळावा ही ओळख आहे. ओळखीचे रूपांतर सवयीत झाले नाही, तर मेळावा म्हणजे फक्त एक समारंभ. फीत कापली, छायाचित्रे निघाली, दुसऱ्या दिवशी मांडव उतरला आणि उरलेला माल भगिनींनी डोक्यावरून घरी नेला. असे झाले तर आपण त्यांना आधार दिला की त्यांचा एक दिवसाचा रोजगार बुडवला, हे आपणच ठरवावे.

ही सवय कशी लागते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९७५ साली बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारपाजारच्या काही कुटुंबांनी एकत्र येऊन संघ करायचा, महिन्याचे सामान आधी लिहून द्यायचे, ते सामान एका घरी उतरायचे आणि सदस्यांनी स्वतः वाटून घ्यायचे, अशी ती साधी पद्धत. दुकान नाही, झगमगाट नाही. पण मागणी आधीच माहीत असल्याने माल पडून राहत नाही आणि मधली साखळी आखूड होते. मध्यमवर्गीय गृहिणींनी ही व्यवस्था दशकानुदशके चालवून दाखवली. ग्राहक संघटित झाला की तो केवळ स्वतःचे हित पाहत नाही, तर चांगल्या उत्पादकालाही उभे करतो, हा त्यातला धडा आहे.

मोठ्या जत्रांचेही महत्त्व आहे. पुण्यात भीमथडी जत्रा भरते, मुंबईत राज्य शासनाचे महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरते. राजकीय मतभेद बाजूला ठेवून हे मान्य केले पाहिजे की ग्रामीण महिलांना शहरी ग्राहकासमोर उभे राहण्याचा आत्मविश्वास अशा उपक्रमांनी दिला. आपल्या भागात ज्ञान प्रबोधिनीच्या कार्यकर्त्यांनी बचत गटांचे काम गावोगावी रुजवले आहे, ते आपण डोळ्यांनी पाहतो. परंतु वेल्ह्याच्या दुर्गम वाडीतील भगिनीला शहरातील जत्रा म्हणजे प्रवास, मुक्काम, घरची गुरे आणि मुले यांची सोय हे सारे आले. कामथडीच्या मेळाव्याला ती सकाळी येऊन संध्याकाळी घरी परतू शकते. म्हणून आपला लहान मेळावा मोठ्या जत्रेची नक्कल होता कामा नये. त्याने मोठ्या जत्रेला न जमणारे काम करावे: रोजच्या गिऱ्हाइकाची गाठ घालून द्यावी.

तांदळाचेच उदाहरण घ्या

आपला भाग भाताचा. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार होऊन १९८७ मध्ये प्रसारित झालेला इंद्रायणी आज भोर-वेल्ह्याच्या खाचरांत घरोघरी दिसतो. मळणी झाली की शेतकऱ्याला पैशाची निकड असते. खत-बियाण्याची देणी असतात, घरात लग्न असते. तो मिळेल त्या भावाने भात व्यापाऱ्याला घालून मोकळा होतो. आणि याच गावातून नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली कुटुंबे आकर्षक पिशवीतला, कोणत्या शेतातला हे ठाऊक नसलेला ‘इंद्रायणी’ जादा दराने घेतात. गाव एकच, कदाचित आडनावही एकच. पण मधे ओळख उरलेली नाही.

हे बदलायला सरकारी योजना लागत नाही. दिवाळीआधी भरणाऱ्या मेळाव्यात अशा कुटुंबांनी वर्षाच्या तांदळाची नोंद करावी, थोडी आगाऊ रक्कम द्यावी. मळणीच्या वेळी तीच रक्कम शेतकऱ्याची निकड भागवते आणि त्याला पडत्या भावाने विकावे लागत नाही. वीस कुटुंबांनी दोन-दोन क्विंटलची नोंद केली, तरी चाळीस क्विंटल तांदूळ गावातून थेट घरी जाईल. कडधान्ये, हळद, पापड-कुरडया यांचेही तसेच करता येईल.

तिघांची तीन कर्तव्ये

पहिले कर्तव्य ग्राहकाचे. मॉलमध्ये छापील किंमत मुकाट्याने देणारा माणूस गावच्या भाजीवालीशी दोन रुपयांसाठी वाद घालतो, हे शोभत नाही. त्याहून कठोर गोष्ट सांगतो. अडचण आली की उधारी गावच्या वाण्याकडे आणि हातात रोख आली की खरेदी शहरात, हा आपल्यातील अनेकांचा रिवाज आहे. २०२० च्या टाळेबंदीत आपल्या घरची चूल कोणाच्या भरवशावर पेटत होती, हे आठवून पाहा. त्या दुकानदाराची जुनी उधारी चुकती करणे, ही स्थानिक उद्योगाला केलेली पहिली मदत होय.

दुसरे कर्तव्य उत्पादकाचे. ‘आपल्या माणसाकडून घ्या’ या आवाहनाची ढाल करून कमी वजन, ओलसर पापड, भेसळीचे तिखट विकले, तर तो स्वदेशीचा द्रोह आहे. वजन पुरे हवे, चव दर खेपेस तीच हवी, तयार केल्याची तारीख लिहिलेली हवी, अन्न सुरक्षेची नोंदणी केलेली हवी. ग्राहक एकदा आपुलकीने येतो. पुढच्या वेळी तो वस्तूकडे पाहून येतो.

तिसरे कर्तव्य आयोजकांचे, म्हणजे आपल्यासारख्या कार्यकर्त्यांचे. १९९१ मध्ये दत्तोपंत ठेंगडी यांच्या प्रेरणेने स्वदेशी जागरण मंच उभा राहिला, तेव्हा बहुराष्ट्रीय कंपन्यांचा प्रश्न समोर होता. २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘व्होकल फॉर लोकल’ची हाक दिली आणि तो विचार घराघरांत पोहोचला. घोषणा पोहोचली, आता वही घालायची आहे. कोणाकडे काय मिळते, कधी मिळते, कोणाला किती हवे आहे, याची नोंद ठेवणारा एक कार्यकर्ता प्रत्येक वाडीत असावा. मांडव घालणारे पुष्कळ मिळतात, बारा महिने वही सांभाळणारा मिळणे कठीण असते. संघटनेची खरी कसोटी तेथे लागते.

मित्रहो, आपली मुले शिकून शिरवळच्या कारखान्यात, पुण्याच्या कार्यालयात जातात. जावीत, त्यात गैर काही नाही. परंतु ज्याला येथेच राहून काही करावेसे वाटते, त्याला ‘येथे गिऱ्हाईक कोठे आहे?’ या एका प्रश्नापायी गाव सोडावे लागू नये. त्या प्रश्नाचे उत्तर कोणा मंत्र्याने नव्हे, आपण द्यायचे आहे.

म्हणून माझी विनंती अगदी लहान आहे. आज येथून जाण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने महिन्याला लागणारी कोणतीही एक वस्तू निवडावी आणि ती वर्षभर याच पंचक्रोशीतील उत्पादकाकडून घेण्याची नोंद करावी. दहा नकोत, एकच. पण ती वर्षभर पाळावी. गुढीपाडव्याला पुन्हा एकत्र बसून वही उघडावी. आणि पुढच्या वर्षी येथे उभा राहणारा वक्ता कोणीही असो, यंदा किती दुकाने लागली, हे त्याला सांगू नका. गेल्या वर्षीच्या किती विक्रेत्यांना वर्षभर गिऱ्हाईक मिळाले, तो आकडा त्याच्यासमोर ठेवा.

 वंदे मातरम्!