काळी आणि पांढरी

(कसारा येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व कर्मचारी यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



काही वर्षांपूर्वी याच परिसरातील नाचणीच्या एका उताराचे छायाचित्र मी छापावयास दिले आणि त्याखाली मोठ्या हौसेने लिहिले, 'काळ्या आईची सेवा'. अंक घेऊन पाड्यावर गेलो, तेव्हा चित्रातील वृद्ध बाईंनी ती ओळ माझ्याकडून वाचून घेतली आणि त्या म्हणाल्या, "साहेब, ही काळी नाय, तांबडी हाय. काळा तो राब." कला शाखेच्या पदवीने जे शिकविले नव्हते ते मला त्या एका वाक्याने शिकविले.

'काळी' हे मराठीत केवळ विशेषण नाही. लागवडीची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी, अशी गावाची विभागणी आपल्या पूर्वजांनी रंगांवरून केली. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' या ग्रंथात हे दोन्ही शब्द याच अर्थाने भेटतात. काळीचा रंग निसर्गदत्त आहे. दख्खनच्या अग्निजन्य खडकाची झीज होऊन ती माती बनली. पांढरीला मात्र रंग दिला तो माणसाने. चुलीची राख, कुजलेले शेण, ढासळलेल्या मातीच्या भिंती पिढ्यानपिढ्या साचत जातात आणि जमीन फिकट होते. आपल्या पुरातत्त्वज्ञांनी जोर्वे व इनामगाव येथे उत्खनन केले ते अशाच पांढरीच्या टेकाडांवर. इनामगावी तर तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची घरे उजेडात आली. कोणताही दप्तरखाना इतका जुना नाही.

'काळा पैसा', 'काळी यादी' हे प्रयोग अलीकडचे, बहुधा इंग्रजीच्या वळणाने आलेले. आपल्या जुन्या बोलण्यात काळे मणी सौभाग्याचे, चंद्रकळा संक्रांतीची आणि पंढरीचा देव सावळा. मातीला आई म्हणताना तिचा काळेपणा कोणाला खटकला नाही, तो याच परंपरेमुळे. वऱ्हाडचे कवी विठ्ठल वाघ यांचे तिफणीचे गीत १९८१ च्या 'अरे संसार संसार' या चित्रपटातून घरोघरी पोहोचले. त्यातील काळी माती ही कापूस पिकविणाऱ्या वऱ्हाडची खरीखुरी जमीन आहे.

परंतु कसारा घाटाच्या पायथ्याशी आहे. घाट चढून निफाडकडे जावे तेव्हा ती काळी दिसते. खाली शहापूर-मुरबाडच्या वरकस उतारांवर माती तांबूस. येथे काळे करावे लागते ते कष्टाने. उन्हाळ्यात टहाळे, पाचोळा, शेण यांचे थर रचून राब भाजावयाचा, पावसाच्या प्रारंभी त्या काळ्या झालेल्या तुकड्यात भात पेरावयाचे, आणि आवणीला रोपे तेथून उचलावयाची. (राबापायी झाडे तुटतात हे आमचे कृषी खात्यातील सहकारी योग्यच सांगतात, मी येथे शब्दापुरते बोलतो आहे.) म्हणून 'माझी आई' या निबंधात येथील एखाद्या मुलाने शेत तांबडे लिहिले, तर गुरुजींनी त्याखाली लाल रेघ ओढू नये. त्याने पाहिलेले लिहिले आहे. आम्ही वाचलेले लिहितो.

लिहिण्यालाच आपण 'पांढऱ्यावर काळे करणे' म्हणतो, आणि येथे पंचायत सदस्यांशी मला विशेष बोलावयाचे आहे. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने स्वामित्व योजना सुरू केली. तीत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांचे भूमापन होऊन घरमालकास मिळकत पत्रिका मिळते. पांढरीची ही मोजणी स्वागतार्हच आहे. तथापि आपल्या भागात माणसे गावठाणात थोडी आणि पाड्यांवर अधिक राहतात. कित्येक पाडे शेतात वा वनालगत वसले. त्यांच्या अंगणात राख आणि शेण पडत आले, माती फिकट झाली. बोलीच्या हिशेबाने ती पांढरीच. कागदाच्या हिशेबाने मात्र ती कोणाची तरी शेतजमीन किंवा वन.

ग्रामसभेपूर्वी आपल्या हद्दीतील पाडे एकवार पायी फिरून पाहावेत. अंगण जुने आहे पण नकाशात घर नाही, असा पाडा आढळल्यास त्याचे नाव, घरांची संख्या आणि जाणत्या माणसांनी सांगितलेला वस्तीचा काळ ठरावात लिहून घ्यावा. वनजमिनीवरील वस्ती असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्यांची स्थितीही त्याच ठरावात नोंदवावी.