विठाबाई नारायणगावकर : सवाल आणि जवाब

'रॅप' हा शब्द सोलापुरास नवा असला, तरी ती वस्तू ह्या नगरीस अगदीच अपरिचित आहे असे म्हणता यावयाचे नाही. ठेक्यावर झपाट्याने म्हटलेले, यमकांनी जखडलेले, प्रतिपक्षास डिवचणारे आणि श्रोत्यांच्या टाळीवर ज्याची पारख व्हावयाची असे पद्य, एवढे जर त्याचे लक्षण मानले, तर न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका घरगुती समारंभात ज्या कलेचा प्रारंभ झाला असे तिचे अभिमानी सांगतात, तिची एक वडील बहीण त्यापूर्वी पावणेदोनशे वर्षे सोलापुरात डफ-तुणतुण्याच्या संगतीने नांदत होती. त्या बहिणीचे नाव कलगी-तुरा.

कलगीवाले शक्तीचा पक्ष घेत, तुरेवाले शिवाचा. दोन फड समोरासमोर बसावयाचे. एकाने पुराणातले किंवा वेदान्तातले एखादे कोडे भेदिक लावणीत गुंफून पुढे टाकावयाचे. आणि दुसऱ्याने त्याच चालीत, साधल्यास त्याच यमकात, तेथल्या तेथे त्याचे उत्तर द्यावयाचे. उद्या सांगतो म्हणण्याची सोय नाही. ह्या आखाड्यात उतरलेला सोलापूरचा सर्वांत नामांकित पुरुष म्हणजे राम जोशी (१७६२ ते १८१२). त्यांचे वडील बंधू मुद्गल जोशी हे पुराणिक. धाकट्याचा पाय तमासगिरांच्या बैठकीकडे वळू लागला तेव्हा थोरल्याने त्यास घराबाहेर काढले, त्याने पंढरपुरास जाऊन शास्त्राध्ययन केले, आणि ती सर्व विद्या शेवटी लावणीच्याच चरणी वाहिली, असे परंपरा सांगते. मराठी, कानडी, तेलंगी आणि हिंदुस्थानी ह्या भाषा एकत्र गुंफून रचलेली त्यांची एक लावणी प्रसिद्धच आहे. सोलापूरच्या बाजारात अर्धा तास उभ्या राहिलेल्या मनुष्यास तिचे नवल वाटणार नाही.

परंतु ह्या सवाल-जवाबात स्त्रीचा जवाब कोठे होता? तमाशाची रचनाच पाहिली म्हणजे उत्तर मिळते. आधी गण, मग गौळण, मग बतावणी, आणि शेवटी वग. गौळणीत मथुरेच्या बाजारास निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवितात, आणि गवळणींच्या बाजूने त्यांच्याशी हुज्जत घालते ती मावशी. सबंध खेळात स्त्रीच्या तोंडी घातलेली सर्वांत धारदार भाषा ह्या मावशीची. आणि ती मावशी म्हणजे पदर घेतलेला पुरुष! पूर्वी तर गवळणींचेही काम नाच्या पोऱ्याच करी. पुढे खऱ्या स्त्रिया बोर्डावर आल्या, गाऊ-नाचू लागल्या, तरी मावशीची जागा पुरुषाकडेच राहिली. गाण्यास स्त्रीचा कंठ चालला. टोला हाणण्याचे काम तिच्याकडे सहसा दिले गेले नाही.

बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून जिचे नाव घेतले जाते त्या पवळाबाई हिवरगावकर (१८७० ते १९३९) संगमनेरकडच्या. त्यांच्या कंठाने पठ्ठे बापूरावांच्या लावण्या महाराष्ट्रभर नेल्या. बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी; ब्राह्मणाने जातकुळी सोडून महार स्त्रीबरोबर फड चालविला म्हणून त्या काळी केवढे काहूर उठले असेल ह्याची कल्पना करता येते. रचनाकार म्हणून आज ग्रंथांत बापूरावांस मानाचे स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. पवळाबाईंच्या वाट्यास मात्र आठवणीच अधिक आल्या. शब्द कागदावर राहतो, कंठ राहत नाही.

ह्याच परंपरेत, जुलै १९३५ मध्ये, सोलापूर जिल्ह्यातील पंढरपुरास विठाबाईंचा जन्म झाला. विठ्ठलाच्या गावी जन्मलेली मुलगी, तेव्हा विठा. घराणे पुणे जिल्ह्यातले. शिरूर तालुक्यातील कवठे यमाई येथील नारायण खुडे हे आजोबा; त्यांनी फड उभा केला, आणि पुढे वडील भाऊ व चुलते बापू ह्यांनी तो नावारूपास आणला. फडाचे नाव 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर'. जात अशी नावातच छापलेली. गावच्या पाणवठ्यावर जी जात दूर उभी केली जाई, तीच जत्रेच्या रात्री तिकिटाचे पैसे मोजून पाहावयाची, हा व्यवहार महाराष्ट्राने फार वर्षे निःसंकोच चालविला.

शाळेत ह्या मुलीचे मन रमले नाही. लावणी, गौळण, भेदिक हे प्रकार तिच्या कानावर पाळण्यापासून पडत होते, आणि कोवळ्या वयातच ती बोर्डावर सहजपणे वावरू लागली. ढोलकीच्या फडातील बाईस केवळ गोड गळा असून भागत नाही. ढोलकीवाल्याने बोल टाकला की पायांनी तो झेलावयाचा. झीलकऱ्यांनी सूर उचलला की त्यांच्या वर आपला शब्द स्पष्ट ऐकू जाईल इतका आवाज काढावयाचा. आणि समोरच्या गर्दीतून कोणी वावगे बोलला तर ठेका न सोडता त्याची बोळवण करावयाची. विठाबाईंच्या ऐन भराच्या काळात हे सारे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. गाणे, नाच आणि वगातील भूमिका ह्या तिन्ही अंगांनी त्यांनी खेळ पेलला, म्हणूनच प्रेक्षकांनी त्यांस 'तमाशासम्राज्ञी' म्हटले.

येथे सरकारदरबारची एक गंमत सांगितली पाहिजे. स्वातंत्र्य मिळाल्यावर लवकरच मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. फडवाले हवालदिल झाले, अर्जविनंत्या झाल्या, तमाशा सुधारण्यासाठी समिती नेमण्यात आली, आणि खेळ पुन्हा सुरू झाले. त्या वेळी विठाबाई जेमतेम बारा-तेरा वर्षांच्या. आणि १९५७ साली त्याच विठाबाईंचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला! दहा वर्षांत तमाशा बदलला तो थोडा. पाहणाऱ्यांचे डोळे अधिक बदलले असावेत. १९९० साली हा राष्ट्रपती-सन्मान त्यांस पुन्हा लाभला.

विठाबाईंचे नाव निघाले की एक हकीकत हटकून सांगितली जाते. त्या नऊ महिन्यांच्या गरोदर असताना खेळ चालू होता. मध्येच वेणा सुरू झाल्या. त्या पडद्यामागे गेल्या, तेथे प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली, आणि उरलेला खेळ पुरा करण्यासाठी पुन्हा बोर्डावर आल्या. पोट दिसेना तेव्हा प्रेक्षकांच्या ध्यानी आले. त्यांनी चौकशी केली, आणि सत्य कळल्यावर बाईंच्या धैर्याचा गौरव करून, खेळ थांबवून त्यांस विश्रांती घ्यावयास लाविले.

ही गोष्ट सांगणारे बाईंच्या हिमतीचे कौतुक करतात, आणि ते करावेच. पण नऊ महिन्यांच्या गर्भवतीस त्या रात्री बोर्डावर उभे राहावे लागले ते का, हे विचारणारे थोडे. ह्याचे उत्तर फडाच्या हिशेबाच्या वहीत सापडते. तंबूचा फड म्हणजे एक फिरते गाव. गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाया, ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाड्या, झीलकरी, कनाती उभारणारे, स्वयंपाकी, गाडीवान, आणि ह्या सर्वांची पोरेबाळे. दसऱ्यास हे गाव हलते ते वैशाखापर्यंत रोज नवा मुक्काम करीत राहते. हंगामापूर्वी कलावंतांस उचल द्यावी लागते, आणि ती उचल मालक बहुधा कर्ज काढून देतो. पावसाळ्यात उत्पन्न नाही, व्याज मात्र चालूच. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन आपापल्या जत्रेची सुपारी ठरवितात, तेव्हा सौदा होतो तो फडाच्या नावावर. आणि नाव म्हणजे ती एक बाई. ती रात्री उभी राहिली नाही, तर तिकिटाचे पैसे परत मागणारी गर्दी कनात फाडावयास मागेपुढे पाहत नाही. चाळीस-पन्नास चुली एका गळ्यावर पेटत असल्या, म्हणजे त्या गळ्यास आजारीपणाचीही मुभा नसते, मग बाळंतपणाची कोठली?

विठाबाईंचे उतारवय हलाखीत गेले. पदके घरात होती, पैसा नव्हता. सिनेमा वाढला, पुढे दूरदर्शन आले, तंबूपुढची रांग आखूड झाली. आणि कलावंतास वृद्धापकाळी काही मिळावे अशी तरतूद ज्या धंद्यात कधीच नव्हती, त्या धंद्याने आपल्या सम्राज्ञीस वेगळे वागविले नाही. १५ जानेवारी २००२ रोजी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. रुग्णालयाचे देणे देणगीदारांच्या मदतीने फेडावे लागले. त्यानंतर चार वर्षांनी, २००६ पासून, महाराष्ट्र शासनाने तमाशा क्षेत्रातील दीर्घ सेवेसाठी त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला. त्याच्या मानकऱ्यांत कांताबाई सातारकर आहेत, आणि विठाबाईंची कन्या, स्वतःचा फड नेटाने चालविणाऱ्या मंगला बनसोडे, ह्याही आहेत.

आता पुन्हा त्या परदेशी धाकट्या बहिणीकडे वळावयास हरकत नाही. कारण तिच्या घरातही हाच प्रश्न उभा राहिला होता, आणि तो एका चौदा वर्षांच्या मुलीने सोडविला. १९८४ साली न्यूयॉर्कमधील काही तरुणांनी एक रॅप काढला. रॉक्सॅन नावाची एक गर्विष्ठ मुलगी आपणांस दाद देत नाही, अशी त्यात तक्रार होती. म्हणजे पेंद्याचीच तक्रार, फक्त मथुरेच्या वाटेऐवजी शहरातील रस्ता. त्यावर क्वीन्सब्रिज येथील मजूरवस्तीत राहणाऱ्या एका मुलीने स्वतः रॉक्सॅन होऊन, 'रॉक्सॅन शांते' ह्या नावाने, त्या तरुणांची भर बाजारात रेवडी उडविणारा जवाब दिला. तो जवाब इतका गाजला की त्यावर प्रतिजवाब, आणि त्यावर आणखी जवाब, असा सामना कित्येक महिने चालला. कलगी-तुऱ्याच्या जुन्या श्रोत्यास ह्यात परके असे काहीच वाटले नसते. परके वाटले असते ते इतकेच की येथे मावशी पुरुष नव्हती.

महाराष्ट्रात ह्या वाटेने जाणाऱ्या स्त्रिया आता दिसू लागल्या आहेत. मुंबईत 'वाइल्ड वाइल्ड विमेन' ह्या नावाने केवळ स्त्रियांचा एक रॅपचा फड उभा आहे, आणि त्यात मराठी, हिंदी, तमिळ, कन्नड, इंग्रजी अशा भाषा एकत्र नांदतात. राम जोश्यांच्या गावकऱ्यांनी ह्याबद्दल थोडा अभिमान बाळगला तर तो क्षम्य मानावा. महादेव कोळी ह्या आदिवासी समाजातून आलेल्या मधुरा घाणे 'माही जी' ह्या नावाने मराठीतून रॅप करतात, आणि जंगल, जमीन, आपला समाज हे विषय हाताळतात.

ह्या मुलींच्या मागे ढोलकीवाला नाही. ठेका बहुधा संगणकातून निघतो, आणि झील धरावयास समोरचे तरुण श्रोतेच असतात. त्यांच्या कलेचे मोल काय ठरेल हे आणखी वीस-पंचवीस वर्षांनी पाहावे. काही रचना आजच शिळ्या वाटतात, आणि नुसत्या शिवीस जवाब समजण्याची खोड त्या मंडळींत पुरुषांना जशी आहे तशी स्त्रियांतही कोठे कोठे दिसते. भेदिकाची कोडी रचणाऱ्यांस जेवढा अभ्यास करावा लागे, तेवढा ह्यांना करावा लागतो की नाही, हाही वादाचा विषय होईल. परंतु विठाबाईंस जे मिळाले नाही ते त्यांनी पहिल्या दिवसापासून आपल्या हाती ठेविले आहे: म्हणावयाचे पद त्या स्वतः लिहितात, आणि ध्वनिमुद्रणावर रचनाकार म्हणून त्यांचेच नाव असते, म्हणजे त्या पदाचा मोबदला मागावयासही त्याच जागा धरतात. विठाबाईंच्या फडात मुख्य नाव त्यांचे असूनही ज्या लावण्या त्या रात्रभर म्हणत त्यांवर तसा हक्क सांगण्याची रीत नव्हती; खेळ संपला, तंबू उतरला, की त्या रात्रीचे गाणे तेथेच राही, आणि फड पहाटेच पुढल्या गावाच्या वाटेस लागे.