तारेतून आवाज जात नाही

व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझा विषय 'की-बोर्ड आणि सिक्वेन्सर' असा छापलाय. तो वाचून आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "कॉम्प्युटरचा क्लास आहे का रे?" नाही काकू. हा आपल्या पेटीच्याच घराण्यातला आहे, फक्त शिकलेला नातू.

पुढच्या रांगेत आपल्या बेंजोवाल्या पोरांची चार तोंडं ओळखीची दिसतायत, म्हणून थेट कामाचं बोलतो. तुमच्या कॅसिओच्या मागे पाच टाचण्यांचं एक गोल भोक असतं. जुन्यात असतं, नव्यात बहुतेक नसतं. त्यातून जाणाऱ्या तारेतून आवाज जातो, असं पुष्कळांना वाटतं. आवाज जात नाही. आकडे जातात. तुम्ही मधली पांढरी एक दाबली, की तीन आकडे निघतात: 144, 60, आणि समजा 100. पहिला म्हणतो, चॅनेल एकवर सूर लावा. दुसरा म्हणतो, कुठला. तिसरा म्हणतो, किती जोरात. तिन्ही मिळून पोचायला सेकंदाचा साधारण हजारावा भाग लागतो. बोट उचललं की पुन्हा निरोप: सूर बंद करा.

हा दुसरा निरोप पोचला नाही तर? माझ्यावर गेलाय तो प्रसंग. खालापूरकडच्या एका हळदीत मी बासरीचा आवाज लावला होता. नवरीला हळद लागली, बायका नाचायला उठल्या आणि कुणाच्या तरी पायात तार अडकून निघाली. नेमकं माझं बोट खाली असताना. बोट उचललं, पण 'बंद' कुणाला सांगणार? बासरी पीं करून जी लागली ती लागलीच. ढोलकीवाला माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. शेवटी ज्या बॉक्समधून आवाज येत होता त्याचं बटणच बंद केलं. तेव्हापासून दोन गोष्टी करतो. तार स्टँडच्या पायाला बांधतो, आणि नव्या यंत्रावर आधी 'ऑल नोट्स ऑफ' कुठे आहे ते शोधतो. काहींवर त्यालाच 'पॅनिक' म्हणतात, आणि नाव अगदी बरोबर आहे.

आता सिक्वेन्सर. वाजवलेले आकडे क्रमाने लक्षात ठेवून पुन्हा पुन्हा सोडणारी ही पेटी. याचं आपल्या मुंबईतलं उदाहरण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. चरणजीत सिंग हे हिंदी सिनेमातले वादक. 1982 साली त्यांची एचएमव्हीवर एक रेकॉर्ड आली: डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग. भैरवी, ललत, भूप, तोडी, मालकंस वगैरे. सगळं रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर: ठेक्याला टीआर-808, खर्जातल्या सुरावटीला टीबी-303 आणि वर रागाला ज्युपिटर-8. तेव्हा रेकॉर्ड फारशी कुणी घेतली नाही. 2010 मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि लोक चकित झाले, कारण शिकागोत 1987 ला गाजलेल्या ॲसिड हाऊस या नाचाच्या संगीताचा नाद तिच्यात पाच वर्षं आधी वाजत होता. माझं मत विचाराल तर, 'आधी कोण' हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की दोन पेट्या एका लयीत चालत होत्या आणि रागाला माणसाचा हात मोकळा होता. 2015 साली ते मुंबईतच गेले.

त्यांच्याकडे तारेतून आकडे पाठवायची ही भाषा, म्हणजे मिडी, नव्हती; ती आली 1983 ला. त्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका व्यापारी मेळ्यात डेव्ह स्मिथ यांच्या कंपनीचा आणि काकेहाशींच्या रोलँडचा असे दोन वेगवेगळे की-बोर्ड एका तारेने जोडले, आणि एकावर वाजवलेलं दुसऱ्यातून ऐकू आलं. स्पर्धकांनी एकमेकांची भाषा बोलायची ठरवली. त्याआधी रोलँडच्या पेट्यांना पाच टाचण्यांचं भोक होतंच, पण त्यातून फक्त 'चालू', 'बंद' आणि लयीची टकटक जायची. जुनी पेटी विकत घेताना फसू नका. भोक दिसायला तेच, भाषा वेगळी.

जोडणी म्हणाल तर सोपी आहे. की-बोर्डच्या 'आउट'मधून सिक्वेन्सरच्या 'इन'मध्ये. आउट टू आउट जोडून तासभर घाम गाळणारे मी पाहिलेत. त्यातला एक मी. मग चॅनेल. एकूण सोळा. की-बोर्ड एकवर बोलतोय आणि सिक्वेन्सर दहावर कान देऊन बसलाय, तर काही घडणार नाही आणि दोष मात्र तारेला जाईल. आवाज की-बोर्डचाच हवा असेल तर सिक्वेन्सरकडून परत दुसरी तार आणा, पण मग की-बोर्डचं 'लोकल', म्हणजे पट्ट्यांचा स्वतःच्याच आवाजाशी असलेला थेट संबंध, ऑफ करा. नाही केलंत तर एका बोटाला तोच सूर दोनदा लागतो आणि आवाज नळातून आल्यासारखा पातळ होतो. हे लक्षणच ओळखायला शिका.

यूएसबीवाल्यांची अडचण निराळी. की-बोर्ड पाहुणा, सिक्वेन्सरही बहुधा पाहुणा. यजमान कुणीच नाही, मग पान वाढणार कोण? मध्ये 'होस्ट' नावाची डबी लागते. गोल भोकाचा आणखी एक फायदा: निरोप घेणाऱ्या बाजूला आत एक इवलासा दिवा आणि त्याच्यासमोर डोळा असतो. निरोप उजेडाने ओलांडतो, वीज ओलांडत नाही. मांडवात जनरेटरवर वाजवणाऱ्यांना याची किंमत कळेल. घूं करणारा हम त्या तारेतून येत नाही.

आता लय. आपण भिसेगावकर रेल्वेच्या बँकर इंजिनाच्या शिट्ट्या ऐकतच मोठे झालो. घाटात 37 ला 1 चा चढ. पुढे एक इंजिन, मागून ढकलणारी बँकर. दोघांनी आपापल्या मनाने वेग धरला तर मधल्या डब्यांचं काय होईल? इथेही तेच. घड्याळ एकाचंच. सिक्वेन्सरचं घड्याळ 'इंटर्नल' ठेवा आणि की-बोर्डच्या ऱ्हिदमला 'एक्स्टर्नल' करा, किंवा उलट. दोन्ही इंटर्नल ठेवलंत तर दुसऱ्या कडव्यापर्यंत ठेका लंगडायला लागतो.

हे घड्याळ एका मात्रेला 24 टकटक पाठवतं. चोवीसच का? चारने भागा, सहा येतात. तीनने भागा, आठ येतात. काहीही उरत नाही. म्हणजे सरळ ठेकाही बसतो आणि आपला कोळीगीताचा डुलता ठेकाही. गडबड होते ती सिक्वेन्सरच्या पेटीत. ती येते सोळा घरांची. तीनतालाला झकास, केहरव्याला झकास. पण हळदीच्या गाण्याला सहाचा हिशेब लागतो. सोळा घरांत ते कोंबलंत तर प्रत्येक आवर्तनाला चार घरं उरतात आणि नाचणाऱ्या बाईचा पाय चुकतो. 'लास्ट स्टेप' किंवा 'लेंग्थ' शोधा आणि 12 करा. एवढ्या एका आकड्यासाठी मी दोन लग्नसराया खाल्ल्यात.

मींडेचं विचारणार असाल तर: पिच बेंडचं चाक सूर ओढतं, पण चॅनेलवरचे सगळे सूर एकदम ओढतं. म्हणून रागाचा सूर वेगळ्या चॅनेलवर ठेवा, किंवा तो हातानेच वाजवा. मी हातानेच वाजवतो.

टेबलावर सगळं मांडून ठेवलंय. ज्यांनी आपला की-बोर्ड आणलाय त्यांनी वर या, एकेकाचा जोडून बघू. होस्टच्या डब्या माझ्याकडे दोनच आहेत. नेल्यात तर आणून द्या.